नवीन गेको जेवत नसेल, तर आधी त्याला एकटं सोडा

नवीन गेको (पालीच्या जातकुळीतला, घरी पाळला जाणारा प्राणी) घरी आला की सगळ्यांचा प्रश्न एकच, 'काही खाल्लं का त्याने?' आमच्याकडे लेक शाळेतून आल्यावर बूट काढायच्या आधी विचारायची, नवरा ऑफिसातून मेसेज करायचा, आणि आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर. माझं उत्तर बरेच दिवस ठरलेलं होतं. नाही खाल्लं, आणि आपण त्याच्या मागे लागायचं नाहीये.

तिळू हा लेपर्ड गेको. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, इथल्याच एका कुटुंबाकडून तो आला. त्यांचा मुलगा युनिव्हर्सिटीत गेला आणि याचं करायला घरी कोणी उरलं नाही. हे प्राणी नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षं जगतात, त्यामुळे मोठेपणी घर बदलावं लागलेले गेको बरेच असतात. पिवळं अंग, काळे ठिपके, जाडजूड शेपूट. आपल्या पालीसारखा हा भिंतीवर चढत नाही, कारण बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, नुसती नखं. पालीला पापण्या नसतात, याला असतात. हा चक्क डोळे मिटून झोपतो.

अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातले कोरडे, खडकाळ डोंगर हा त्याचा मूळ मुलूख. याचा एक जवळचा भाऊबंद, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत रानात राहतो (आणि तो रानातच राहावा, पकडून पेटीत ठेवायची ती गोष्ट नाही). दिवसभर दगडाखाली, फटीत बसायचं आणि तिन्हीसांजेला बाहेर पडायचं, ही त्यांची रीत. असा प्राणी गाडीतून, डब्यात बसून, अनोळखी वासांच्या घरात आला की त्याच्या दृष्टीने तो उघड्या माळावर पडलेला असतो. तिथे शिकार करत बसला तर स्वतःच कुणाची तरी शिकार होईल. म्हणून तो खात नाही. हे लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

माझं ठाम मत आहे की जेवणाचा विचार तिसरा. पहिली ऊब, दुसरा आडोसा.

ऊब पहिली अशासाठी की याचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. अंग गार असेल तर भूक लागत नाही, आणि खाल्लंच तर ते पोटात तसंच पडून राहतं, कधी उलटून येतं. तिळू यायच्या आधीच तीन फुटी व्हिव्हेरियम, म्हणजे त्याची काचेची पेटी, लावून, दिवा आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट चालू करून मी तापमान बघत होते. दिव्याखालच्या पाटीच्या दगडाचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश, दुसरं टोक २४ च्या आसपास. रात्री सगळंच २० पर्यंत उतरलं तरी चालतं. दगडाचं तापमान हाताने कळत नाही, त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्याच. रात्री लाल दिवा लावा, तो त्यांना दिसत नाही, असं अजूनही काही जण सांगतात. लावू नका. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये गेकोच्या एका निशाचर जातीवर प्रयोग करून दाखवलं की माणसाला रंग दिसत नाहीत इतक्या अंधुक चांदण्यातही तिला ते ओळखता येतात. लाल दिवा आपल्या सोयीचा, त्यांच्या नव्हे. रात्र म्हणजे काळोखच हवा.

आडोसे तीन. एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला, आणि मधे एक ओलसर, आत भिजवून पिळलेलं मॉस घातलेला. तिसरा कात टाकताना लागतो. दोनच ठेवले आणि दोन्ही एका बाजूला असले, तर त्याला ऊब आणि लपणं यांतलं एकच निवडावं लागतं, आणि तो नेहमी लपणंच निवडतो. आडोसा अंगाला घासेल इतका अरुंद असावा. मोठी ऐसपैस गुहा आपल्याला छान वाटते, त्याला पाठीला दगड टेकला की बरं वाटतं. खाली सुरुवातीला साधा किचन रोल अंथरला, म्हणजे शी झाली की दिसते. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून कागद चिकटवले. पाणी रोज ताजं. बास.

मग आम्ही दूर झालो. हात घालायचा नाही, काचेवर टकटक नाही, गुहा उचलून 'आहे का आत' बघायचं नाही. आईला हे अजिबात पटेना. "अगं, मुक्या जिवाला असं उपाशी ठेवायचं?" पाल अंगावर पडल्याचं फळ पंचांगात बघणाऱ्या घरातली ती, पण उपाशी म्हटल्यावर तिचा जीव तुटला. तिला शेपूट दाखवली. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो. मानेपेक्षा जाड शेपूट असलेला, धडधाकट, वाढ पूर्ण झालेला गेको काही आठवडे न खाता तग धरतो. पिल्लाचं तसं नाही, पिल्लू आठवडाभर खात नसेल तर थांबू नये.

खायला म्हणजे जिवंत किडे. इथे दुकानात डब्यांतून छोटे टोळ आणि रातकिडे मिळतात. त्यांना आदल्या दिवशी गाजर आणि पालेभाजी खायला घालायची, कारण त्यांच्या पोटात जे आहे तेच पुढे याच्या पोटात जाणार. मग कॅल्शियमची पूड लावायची. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रोज नाही, एकाआड एक संध्याकाळी, दिवे मंद झाल्यावर एकच किडा सोडायचा आणि खोलीबाहेर जायचं. झोपण्यापूर्वी तो तसाच असेल तर काढून घ्यायचा, कारण मोकाट रातकिडे झोपलेल्या गेकोला चावतात. जबरदस्तीने तोंड उघडून भरवणं तर अजिबात नाही. मेणकिड्यांचं (मेणपतंगाच्या गुबगुबीत अळ्यांचं) आमिषही मी दाखवलं नाही. त्यात चरबी फार, आणि चटक लागली की इतर किड्यांकडे ते बघत नाहीत.

आधी त्याने फक्त पाण्याला तोंड लावलं. मग रात्री गुहेतून मुंडकं बाहेर. मग कागदावर ओल्या पावलांचे ठसे, थंड टोकापासून दगडापर्यंत. जेवण अजून नव्हतं, पण हे ठसे बघून मला खरा आनंद झाला, कारण तो आता फिरत होता.

आणि एका संध्याकाळी मी दाराच्या फटीतून बघत असताना टोळ दगडावरून चालला. तिळू पुढचे पाय ताठ करून उंच झाला. मान खाली, नजर टोळावर, आणि शेपटीचं फक्त टोक थरथरायला लागलं, बाकी अंग दगडासारखं स्तब्ध. टोळाने एक पाय हलवला. पुढचं दिसलंच नाही इतक्या झपाट्याने झालं. दिसलं ते एवढंच की टोळाची एक तंगडी तोंडाबाहेर आहे, दोन-तीनदा जबडा हलला, ती आत गेली, आणि मग गुलाबी जीभ आधी एका ओठावरून, नंतर दुसऱ्या ओठावरून. लेक माझ्या दंडाला घट्ट धरून उभी होती. आम्ही दोघी श्वास सोडून एकदम हसलो.

त्यानंतरची खरी पावती म्हणजे शी. तपकिरी, घट्ट, टोकाला पांढरा ठिपका. ती आली म्हणजे पोट चालू झालं. तीच उचलून डबीत घातली आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, जंतांच्या तपासणीसाठी दिली. कुठूनही आलेल्या गेकोची ही तपासणी करावी, तो तंदुरुस्त दिसत असला तरी.

आता दर रविवारी किचनच्या काट्यावर, डब्यात बसवून, त्याचं वजन होतं आणि लेक वहीत लिहिते. खाणं मधेच थांबलं तर आधी अंगाचा रंग बघतो. फिका, पांढुरका झाला असेल तर कात येतेय, एक-दोन दिवसांत ती टाकून तो स्वतःच खाऊन टाकतो. मग फक्त बोटांवर तुकडे राहिले नाहीत ना, एवढं तपासायचं. पण शेपूट बारीक होत असेल, वजन दहा टक्क्यांनी उतरलं असेल, किंवा शी पातळ आणि घाण वासाची असेल, तर वाट न बघता व्हेटकडे न्या. तिथे 'एकटं सोडा' हा सल्ला लागू नाही.