स्कूटरवरून विटेटची मुंबई

क्रूझवरून मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची चारचाकी खुर्ची, घेऊन कोणी पाहुणा येणार असला, की आमच्या गाईडच्या धंद्यात सरळ इनोव्हा बोलावतात. स्कूटर मागे टाकायची, पाहुण्याला पुढे बसवायचं, गेटवे, सीएसएमटी, धोबीघाट काचेतून दाखवायचे आणि संध्याकाळी बोटीवर पोचवायचं. ह्याला ‘सुलभ सहल’ म्हणून जास्तीचे पैसे लावतात. मला हे कधीच पटलेलं नाही. स्वतःची चाकं घेऊन आलेल्या माणसाला गाडीत कोंडायचं कशाला?

गेल्या मोसमात आलेल्या बाईंनाही ते पटलं नाही. त्या स्कॉटलंडच्या पर्थशायरच्या, सत्तरी ओलांडलेल्या. काठी घेऊन चार पावलं जमत होती, त्यापुढे नाही. त्यांच्याच भागातल्या ब्लेअर अथोलचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट मुंबईत काय काय बांधून गेला, एवढंच त्यांना बघायचं होतं. म्हणजे बॅलार्ड इस्टेट, म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आणि गेटवे. सगळं बंदराच्या ग्रीन गेटपासून जवळ आणि सपाटीवर. त्या म्हणाल्या, “गाडी मागून येऊ दे. मी माझ्या चाकांवर येते.”

अशा दिवशी माझं पहिलं लक्ष इमारतींकडे नसतं, स्वच्छतागृहाकडे असतं. चाकांसकट आत जाता येईल असं स्वच्छतागृह कुठे आहे, ते ठरलं की मगच मार्ग ठरतो. दुसरं म्हणजे स्कूटरचं पोट. तिच्या पोटाखाली जेमतेम चार बोटं जागा होती. शिवाय मागे उलटू नये म्हणून दोन छोटी चाकं लावलेली असतात. पदपथाच्या कडेवरून खाली उतरताना नेमकी तीच कडेवर टेकतात, मोटर फिरवणारी चाकं अधांतरी राहतात आणि स्कूटर जागच्या जागी अडकते. पदपथ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा, असं रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आपल्याकडे मात्र डांबराचा नवा थर आला की एके ठिकाणी पदपथ बुडतो आणि पुढे फरशा बदलल्या की तोच गुडघ्याला येतो.

बॅलार्ड इस्टेटमध्ये सुरुवात छान झाली. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या मातीच्या भरावावर हा भाग १९१४ ते १९१८ मध्ये उभा राहिला. रुंद, सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती. बाई प्रत्येक कमानीपाशी थांबत होत्या. पण पदपथावर चढायला उतार सापडला, तर पलीकडच्या टोकाला तो असेलच असं नाही. जिथे होता, तिथे दुचाक्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले. दुचाकी वाकडी करून त्यातून निघते. स्कूटर निघत नाही. ज्यांच्यासाठी उतार केला, तेच बाहेर राहिले. हे काम ज्यांनी मंजूर केलं, त्यांनी एकदा तरी चाकाच्या खुर्चीत बसून तिथून जाऊन दाखवावं.

आम्ही तिथे खोळंबलो असताना एक हातगाडीवाला गाडी टेकवून बघत होता. म्हणाला, “ताई, हितून नका नेऊ. पुढच्या बिल्डिंगच्या गेटला चढ हाय, तिथनं घ्या. आन् जाळी आली की तिरकी काढा, पुढचं चाक अडकतंय.” त्याचं प्रत्येक वाक्य खरं निघालं. मोटारी आत जाव्यात म्हणून इमारतींच्या फाटकांपाशी उतार असतात. एका फाटकाने चढायचं, दुसऱ्याने उतरायचं, असं करत आम्ही हॉर्निमन सर्कलपर्यंत आलो. फोर्टमधल्या चढ-उतारांची एवढी पक्की माहिती मला कुठल्याही नकाशात मिळालेली नाही. सुगम्यतेच्या बैठकांना एखादा हातगाडीवाला बोलावला तर निम्मी भाषणं लागणार नाहीत.

हॉर्निमन सर्कलपाशी स्कूटर अडकलीच. मागची छोटी चाकं कडेवर, मोठी हवेत. हाक मारायच्या आधीच पाच-सहा जण धावून आले. हे मुंबईतच होतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ह्या स्कूटरचा, ती चालवायला दाबायचा, दांडा सोडला की ब्रेक आपोआप लागतो. मागचा खटका काढल्याशिवाय ती ढकलता येत नाही. त्यांनी जोर लावला, ती हलेना. मग एकाने हँडल धरलं आणि दोघांनी बाईंसकट सीटचे हात धरून उचलायला घेतलं. ते हात नुसते खाचेत बसवलेले असतात. एक निम्मा वर आला आणि बाई कलंडल्या. मी ओरडून सगळ्यांना थांबवलं. बाई काठी टेकून उतरल्या. मी खटका काढला, खालची लोखंडी चौकट कुठे धरायची ते दाखवलं. पन्नास किलोच्या घरातली ती स्कूटर दोघांनी अलगद खाली ठेवली.

समोर एशियाटिक ग्रंथालयाच्या तीस पायऱ्या. मदतीला आलेल्यांतला एक तरुण मुलगा मला म्हणाला, “मॅडम, आजींना खुर्चीत बसवून वर नेतो ना आम्ही. पाच मिनिटांचं काम.” बाईंनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे बघून हात जोडले आणि नाही म्हणाल्या. मुलाचा चेहरा पडला. आपण काही चुकीचं बोललो का, असं त्याने मला विचारलं. मी नाही म्हणाले. नंतर बाई मला म्हणाल्या, “मला उचललं की मी सामान होते.” त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तरी त्या मुलाचं वाईट वाटणंही मला अजून बाजूला सारता येत नाही. त्याच्याकडे देण्यासारखं जे होतं, ते त्याने मनापासून पुढे केलं होतं.

म्युझियममध्ये उतार होता, त्यामुळे तिथे मी नुसती गाईड होते. घुमटाखाली बाई बराच वेळ होत्या.

गेटवेला सुरक्षा तपासणीच्या आधी नागमोडी अडथळे लावले होते. चार चाकांच्या स्कूटरला वळायला जागा लागते, तेवढी तिथे नव्हती. हवालदार भले होते. त्यांनीही तेच विचारलं, “मॅडम, ह्यांना उचलून घेऊ या का?” ह्या वेळी मी बाईंना विचारायला थांबले नाही. म्हणाले, “साहेब, माणूस नको, तो अडथळा उचलू या.” त्यांनी क्षणभर विचार केला, सहकाऱ्याला हाक मारली आणि दोघांनी तो सरकवला. अर्ध्या मिनिटाचं काम. बाई स्वतः दांडा दाबत १९२४ च्या त्या कमानीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि वळून हवालदारांना हात केला.

बोट सुटायच्या बरंच आधी आम्ही परत पोचलो. दिवसभर मागून फिरलेल्या इनोव्हाचं बिल कंपनीने लावलंच. वर मला समज दिली, की पाहुण्याला रस्त्यावरून नेणं धोक्याचं आहे. धोका होताच. मी रहदारीच्या बाजूने चालत होते, मला तो दिसत होता. पण पदपथ चालवण्याजोगा नसेल तर समज कोणाला द्यायची, हे मी त्यांना विचारलं आणि उत्तर आलं नाही.

ह्या मोसमात असं काम पुन्हा घेणार का, अशी विचारणा झाली आहे. मी होकार कळवलाय. स्कूटरची रुंदी, वजन आणि वळायला लागणारी जागा मला आधी लेखी हवी आहे. आदल्या दिवशी तो रस्ता मी स्वतः चालून बघणार, कारण कुठे नवा खड्डा खणलाय ते त्याशिवाय कळत नाही. त्या फेरीचे पैसेही मागितले आहेत.