ग्लोमाच्या काठाने: ओंडक्यांची वाट

ग्लोमा ही नॉर्वेतली सर्वांत लांब नदी, 600 किलोमीटरहून जास्त. काठ धरून खाली यायचं तर र्‍योरोसपासून निघावं. गावात मात्र ग्लोमा शोधत बसू नका; वितळभट्टीतून निघालेल्या धातुमळीच्या ढिगांपाशी वाहते ती तिची उपनदी. 1644 ते 1977 इथं तांब्याची खाण चालली. खडक तडकवायला जाळ आणि भट्टीला कोळसा, यात भोवतालचं रान संपलं.

तिथून एल्वेरुमपर्यंत डिझेल गाडी बरीचशी नदीकाठानंच धावते. फेऱ्या मोजक्या, त्यामुळे मध्ये उतरायचं तर पुढची गाडी आधी बघून ठेवा. एल्वेरुमचं वनसंग्रहालय चांगलं आहे. पण वेळ कमी असेल तर मी ते सोडेन, पण पुढची फेटसुंडची ओंडके निवडायची जुनी जागा नाही.

वाटेत काँग्सव्हिंगरला नदी पश्चिमेकडे वळते. मोठ्या पुरात तिचं थोडं पाणी इथूनच निसटून स्वीडनमध्ये जातं!

फेटसुंड ओस्लोहून लोकलनं जवळ. स्टेशनातून चालतच नदीवर जाता येतं. 1861 ते 1985 इथं ओंडक्यांची निवड चाले. वरच्या जंगलांतून सगळ्यांचा माल एकत्रच वाहत यायचा, म्हणून प्रत्येक ओंडक्यावर खरेदीदाराची खूण असे. खाली ओयेरेन सरोवर. तिथं प्रवाह जवळपास थांबतो. ओंडके तसेच सोडले तर वारा ते चहूकडे पांगवणार. म्हणून ते सरोवराच्या तोंडाशीच अडवायचे. साखळीनं जोडलेल्या तरंगत्या लाकडांच्या रांगा, त्यांच्यामध्ये अरुंद गल्ल्या, वर चालायला फळ्या. कामगार आकड्याच्या लांब काठीनं ओंडका ओढून खूण बघत आणि त्या खरेदीदाराच्या गल्लीत ढकलत. मग मोळ्या बांधून बोटीनं सरोवरापार. फार भिजलेली लाकडं तळाशी जात, हे नुकसान ठरलेलंच. आजही त्या फळ्यांवरून फिरता येतं; ओल्या असल्या की पाय सटकतो, रबरी तळव्याचे बूट घाला. इमारती उन्हाळ्यातच नीट उघड्या असतात.

सार्प्सबोर्गचा सार्पफॉस धबधबा पाहायचा तर मे-जूनमध्ये, बर्फ वितळत असताना. एरवी बहुतेक पाणी वीजकेंद्रं घेतात आणि पुलावरून नुसता कातळ दिसतो. काठची माती चिकणमातीची: 1702 मध्ये बोरेगार्डचा अख्खा वाडा घसरून नदीत गेला, कारण पाण्यानं खालचा काठ पोखरला होता. कागद-लगद्याचा कारखाना नंतर तिथंच उभा राहिला.

शेवटी फ्रेडरिकस्टाड, 1567 मध्ये वसवलेलं. जुन्या तटबंदीच्या गावात जायला पुलाचा वळसा घेऊ नका. शहराची फेरीबोट फुकट आहे आणि सायकलही नेता येते.