झरमॅटच्या गाडीतून स्टाल्डनला उतरा: टर्बेल गावाचा फेरफटका

फिस्पहून झरमॅटला जाणाऱ्या लाल गाडीत बसलेल्या बहुतेकांचं लक्ष एकाच डोंगराकडे लागलेलं असतं. मॅटरहॉर्न सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण त्याच रुळांवर, अगदी सुरुवातीला, स्टाल्डन-सास नावाचं स्टेशन लागतं. तिथून पिवळी पोस्टबस उजव्या हाताच्या उभ्या चढावर चढत टर्बेलला नेते. स्वित्झर्लंडच्या वालिस कँटनमधलं (कँटन म्हणजे तिथलं राज्य), सुमारे १५०० मीटर उंचीवरचं, जेमतेम पाचेकशे वस्तीचं गाव. धबधबा नाही, केबल कार नाही, बर्फाच्छादित शिखरासमोरचा सेल्फी पॉइंटही नाही. तरी मला विचाराल तर स्वित्झर्लंडमध्ये शेतीचं गाव म्हणून एकच पाहायचं असेल तर हे पाहा.

अर्थशास्त्र शिकलेल्यांनी हे नाव कदाचित ऐकलं असेल. सामायिक कुरणात प्रत्येक जण आपली जनावरं वाढवत जातो आणि शेवटी कुरणाचं वाटोळं होतं, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला. रॉबर्ट नेटिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात टर्बेलमध्ये राहून गावाची दप्तरं चाळली, तेव्हा दिसलं ते उलटंच. इथलं कुरण शतकानुशतकं सामायिक होतं आणि शाबूतही होतं. सामायिक साधनं लोक स्वतःच नियम करून सांभाळू शकतात, या आपल्या मांडणीत पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हेच गाव ठळकपणे घेतलं. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

गावाने लिहून ठेवलेला नियम साधा आहे. १४८३ मध्ये गावकऱ्यांनी कुरण, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापरासाठी रीतसर संघटना केली. बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली म्हणून त्याला कुरणावर हक्क मिळणार नाही, तो द्यायचा की नाही हे गाव ठरवणार, असं त्यात स्पष्ट आहे. १५१७ च्या नियमात खरी मेख आहे: हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात वरच्या कुरणावर न्यायच्या. जास्त नेल्या तर दंड. आणि दंड वसूल करणाऱ्या गावच्या कारभाऱ्याला त्यातला अर्धा वाटा! लक्ष ठेवायला याहून चांगलं कारण कुठलं?

हे डोक्यात ठेवून गावात फिरलात तर समोरचा उतार वेगळा दिसतो. काळपट पडलेल्या लार्च लाकडाची गोठेघरं गावात आणि गावाबाहेर विखुरलेली आहेत. खाली गाई, वर गवत. प्रत्येक घराचं गवत किती, यावर त्याच्या गाई किती हे ठरायचं, म्हणजे गावाचा हिशेबच या माळ्यांवर रचलेला असे. काही कोठारं मात्र लाकडी पायांवर उभी, आणि पाय व कोठार यांच्या मध्ये मोठ्या गोल दगडी चकत्या. माझी आई सोबत होती. ती माण-खटावकडची, शेतकरी घरातली. जर्मनमधली पाटी मी वाचेपर्यंत तिने निकाल दिला, "उंदरांसाठी गं. वर धान्य असणार." धान्यच होतं, राय, गव्हासारखं एक धान्य. तिथला राय पाव गावच्या सामायिक भट्टीत वर्षातून मोजक्याच वेळा भाजला जायचा आणि महिनोन् महिने पुरवला जायचा. चकत्या असल्या तर धान्य, नसल्या तर गवत आणि जनावरं, एवढी खूण लक्षात ठेवा.

एकाच कोठाराला दोन-तीन दारं आणि वेगवेगळी कुलपं दिसली तर चकित होऊ नका. मुलगे आणि मुली सर्वांना समान वाटणी, त्यामुळे घरं मजल्यामजल्याने आणि शेतं पट्ट्यापट्ट्याने वाटली गेली. इथे मला गंमत वाटली ती याची, की शेत, बाग, गवताचा तुकडा हे सगळं खासगी आणि कुरण व जंगल तेवढं सामायिक. म्हणजे 'सगळं सगळ्यांचं' असा आदर्शवाद नाही, जिथे एकत्र ठेवून फायदा तिथे एकत्र ठेवलं. जंगलात तोडायची झाडं आधी खूण करून ठरवायची, घरोघरच्या माणसांनी मिळून तोडायची, सारखे ढीग लावायचे आणि कुठला ढीग कुणाचा हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. वरच्या कुरणावर दुधाचं एकत्र चीज होई आणि हंगामाच्या शेवटी ज्याच्या गाईंनी जितकं दूध दिलं त्या प्रमाणात वाटलं जाई.

पाणी हा दुसरा विषय. आल्प्स म्हटलं की आपल्याला हिरवंगार आणि ओलं आठवतं, पण फिस्पचं खोरं स्वित्झर्लंडमधल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. आईला हा आकडा सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आमच्याकडच्यासारखाच की." म्हणून डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी पाटांनी वळवून उतारांवर आणलेलं आहे. या पाटांना इथे सुओने म्हणतात. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, पाट साफ करायचं काम वाटून घेतलेलं. पाटाच्या कडेची पायवाट बहुधा सपाट असते, त्यामुळे ज्येष्ठांना घेऊन चालायला तीच बरी. गावातल्या गल्ल्या मात्र चांगल्याच उभ्या आहेत. आईसाठी काठी नेली होती, ती उपयोगी पडली.

आजचं टर्बेल म्हणजे जुनं चित्र गोठवून ठेवलेलं नाही. गेल्या शतकात इथले पुरुष खाली फिस्पच्या लॉन्झा या रसायनांच्या कारखान्यात नोकरी करू लागले आणि पहाटे-संध्याकाळी शेती सांभाळू लागले. शेती आता बरीच कमी झाली आहे. राय तर जवळपास नाहीच, बहुतेक ठिकाणी गवत.

आता जाणाऱ्यांसाठी. झुरिकहून फिस्प रेल्वेने साधारण दोन तास. २००७ मध्ये सुरू झालेल्या लोच्बर्ग बोगद्यामुळे हे शक्य झालं. स्विस ट्रॅव्हल पास गाडी आणि पोस्टबस दोन्हीला चालतो. बस वारंवार नाहीत, स्विस रेल्वेच्या एसबीबी अॅपवर परतीची आधी पाहून मगच निघा. खाण्यापिण्याचं सामान फिस्पलाच घ्या, रविवारी गावात काही मिळेल या भरवशावर राहू नका. पाणी रस्त्यावरच्या हौदांच्या नळाचं पिता येतं, फक्त 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथे नाही. जुन्या इमारती आतून पाहायच्या असतील तर आधी ईमेल करून विचारून ठेवा. अचानक गेलात तर बाहेरूनच पाहावं लागेल.

जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. उन्हाळ्यात २०४८ मीटरवरच्या मूसआल्प या कुरणापर्यंत जा, तिथून बीचहॉर्न शिखर आणि मिशाबेल डोंगररांग दिसते. उभ्या गवतात पाय ठेवू नका, तो कुणाचा तरी हिवाळ्याचा चारा आहे. फाटक उघडलं तर लावा. वासरू सोबत असलेल्या गाईपासून लांब राहा. काळ्या-तपकिरी एरिंगर गाई आपसात शिंगं भिडवतात, ते लांबूनच बघा.

शाकाहारींनी राक्लेट (बटाट्यांसोबतचं वितळलेलं चीज) किंवा केझश्निट मागवावं. केझश्निट म्हणजे पावावर वितळलेलं चीज, पण पाव बऱ्याचदा पांढऱ्या वाइनमध्ये भिजवतात आणि कधी हॅमही घालतात, तेव्हा नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. बस चुकली तर स्टाल्डनपर्यंत पायी उतरता येतं, पण सातशे मीटरचा उतार आहे. गुडघे दुखरे असतील तर पुढच्या बसची वाट बघा.