मॉडेलच्या नावावर पार्ट मागवू नका

वापरलेल्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली किंवा बॅटरी गेली, की बहुतेक जण मॉडेलचं नाव टाकून पार्ट शोधायला लागतात. चुकीचा पार्ट घरी येतो तो इथूनच. थिंकपॅड टी४८० हे नाव एकच, पण त्यात १३६६ × ७६८ ची स्क्रीन असलेली यंत्रं आहेत, १९२० × १०८० ची आहेत आणि २५६० × १४४० चीही आहेत. काहींना टच आहे, काहींना नाही. काहींत वेगळी ग्राफिक्स चिप आहे आणि त्यांचा हीटसिंकही (उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) वेगळा. नावावरून यातलं काहीच कळत नाही.

म्हणून नंबर बघायचा. डेलच्या पार्टवर डीपी/एन या अक्षरांपुढे पार्टचा नंबर लिहिलेला असतो, लेनोवोच्या पार्टवर एफआरयू नंबर, म्हणजे बदली पार्टचा नंबर, तर एचपीचा स्पेअर पार्ट नंबर म्हणजे सहा आकडे (नव्या पार्टवर एक अक्षर आणि पाच आकडे), आडवी रेघ आणि तीन आकडे. यंत्राच्या तळावरचा सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, की कारखान्यातून निघताना त्यात काय होतं ते बऱ्याचदा कळतं. तिन्ही कंपन्यांच्या व्यावसायिक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका मोफत मिळते. आधी तीच उतरवून घ्या.

वापरलेल्या यंत्रात मात्र एक जास्तीची अडचण असते. आतला पार्ट मूळचाच आहे याची खात्री नसते. आधीच्या मालकाने स्क्रीन बदललेली असू शकते, पंखा दुसऱ्या यंत्रातून काढलेला असू शकतो, बॅटरी कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीची असू शकते. त्यामुळे दोन्ही नंबर जुळवायचे: पार्टवरचा आणि सीरियल नंबरवरून निघालेला. जुळले तर उत्तम. नाही जुळले, तर हातातला पार्ट पुरावा मानू नका. पुस्तिकेतला नंबर धरा आणि कनेक्टर, स्क्रूची भोकं आणि मापं डोळ्यांनी तपासा.

पैसे घालण्याआधी यंत्राला कुलूप नाही ना, तेही बघा. बायॉसला (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रॅमला) सुपरवायझर पासवर्ड असेल किंवा यंत्र एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापनात नोंदलेलं असेल, तर नवी स्क्रीन घालूनही ते तुमचं होत नाही. विंडोज ऑटोपायलट, म्हणजे कंपन्या आपली यंत्रं ज्यात नोंदवतात ती मायक्रोसॉफ्टची सोय, हिची नोंद हार्डवेअरच्या ओळखीवर असते. डिस्क पुसली तरी इंटरनेटला जोडल्यावर त्या कंपनीचंच लॉगिन समोर येतं. हे कुलूप विकणाऱ्याकडूनच काढून घ्यायचं असतं.

मग निदान. यंत्र अगदीच मेलेलं वाटत असेल तर चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि नुसत्या चार्जरवर सुरू करून बघा. सुरू झालं तर संशय बॅटरीवर. चार्जरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजता येतं, पण मोकळ्या पिनवर १९.५ व्होल्ट दिसले म्हणून चार्जर चांगला ठरत नाही. भार आल्यावर तो कोसळतोय का, हे खात्रीचा दुसरा चार्जर लावूनच कळतं. स्क्रीन काळी असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र आलं, तर अंधारात लॅपटॉपच्या स्क्रीनवर टॉर्च तिरका धरून बघा. पुसट चित्र दिसलं तर गेलाय तो मागचा उजेड. झाकण हलवताना रेघा येत-जात असतील, तर पॅनलआधी बिजागरीतून जाणारी केबल बघा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या स्क्रीनमध्ये. पॅनल, म्हणजे झाकणातला चित्र दाखवणारा पातळ भाग, सोडवून उलटं केलं की मागे लेबल दिसतं. त्यावरचा बारकोडचा लांबलचक आकडा नको, पॅनलचा मॉडेल नंबर हवा. उदाहरणार्थ बीओई कंपनीचं एनटी१५६डब्ल्यूएचएम: यातले १५६ म्हणजे १५.६ इंच आणि हे १३६६ × ७६८ चं पॅनल. त्याच कंपनीचं एनव्ही१५६एफएचएम म्हणजे तितकंच मोठं, पण १९२० × १०८० चं, आणि बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारं. नंबर तंतोतंत तोच मिळायला हवा असं नाही. दुसऱ्या कंपनीचं पॅनलही चालतं. मात्र इतक्या गोष्टी जुळल्याच पाहिजेत: आकार, पिनांची संख्या, मागच्या बाजूला कनेक्टरची जागा आणि स्क्रूचे कान. काही पॅनलना वर-खाली कान असतात, काहींना डाव्या-उजव्या बाजूला, तर काहींना कानच नसतात आणि ती चिकटपट्टीवर बसतात. कान आड आले तर झाकणाची चौकट बसत नाही, आणि जोर लावून बसवली तर काच कोपऱ्यातून तडकते.

पिनांचं गणित असं. साध्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणाऱ्या) ईडीपी, म्हणजे हल्लीच्या जोडणीच्या पॅनलला बहुधा ३० पिना असतात. टच पॅनलमध्येच मुरवलेला असेल, रिफ्रेश रेट (हा हर्ट्झचा आकडा) जास्त असेल किंवा ४के असेल तर बहुधा ४०. पण एलव्हीडीएस या जुन्या जोडणीच्या पॅनललाही ४० पिना असतात. संख्या सारखी दिसली म्हणून हे दोन प्रकार एकमेकांना चालत नाहीत.

पुष्कळांना एचडी स्क्रीन काढून फुल एचडी घालायची असते. इच्छा योग्यच आहे, कारण १३६६ × ७६८ वर दिवसभर काम करणं खरंच जाचक असतं. कनेक्टर दोन्हीकडे ३० पिनांचाच असल्यामुळे हे सोपं वाटतं. अडचण केबलच्या पोटात असते. ईडीपीत चित्र तारांच्या जोड्यांवरून जातं. एका जोडीचा नेहमीचा वेग सेकंदाला २.७ गिगाबिट, त्यातला पाचवा भाग सांकेतिक मांडणीत जातो आणि चित्रासाठी २.१६ गिगाबिट उरतात. १३६६ × ७६८ ला हे पुरून उरतं. १९२० × १०८० ला ६० हर्ट्झवर, प्रत्येक ठिपक्याला रंगाचे १८ बिट धरले तरी, साधारण अडीच गिगाबिट लागतात. म्हणजे दोन जोड्या हव्यात. एचडी स्क्रीनसोबत आलेल्या केबलमध्ये कंपनीने बऱ्याचदा एकच जोडी टाकलेली असते. पॅनल नवं, कनेक्टर बसलेला, तरी चित्र येत नाही किंवा टिकत नाही, त्याचं कारण हेच. त्याच मॉडेलच्या फुल एचडी आवृत्तीची केबल पुस्तिकेत वेगळ्या नंबरने दिलेली असेल, तर पॅनलसोबत तीही मागवा.

बॅटरीत पहिला निकष व्होल्टेज. १०.८ आणि ११.१ हे एकाच मांडणीचे, म्हणजे तीन सेल एकापुढे एक. लेबलं वेगळी असली तरी हरकत नाही. १४.४ आणि १४.८ म्हणजे चार सेल. तीनच्या जागी चार किंवा उलट घालू नका, कनेक्टर बसत असला तरीही. क्षमता वॅट-तासांत मोजा: ११.१ व्होल्ट × ४.४ अँपिअर-तास म्हणजे सुमारे ४९ वॅट-तास. जाहिरातीतला नुसता मिलिअँपिअर-तासाचा आकडा फसवतो. सहा गोल सेलांच्या बॅटरीवर ७८०० लिहिलं असेल, तर दोन-दोन सेल जोडीने असल्यामुळे प्रत्येक सेल ३९०० चा हवा. नेहमीचे १८६५० आकाराचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. असा आकडा छापणाऱ्याच्या बाकीच्या दाव्यांवरही विश्वास ठेवू नये.

नवी बॅटरी घातल्या दिवशीच विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग तिरकी रेघ देऊन बॅटरीरिपोर्ट हा आदेश चालवा. मूळ क्षमता, सध्याची पूर्ण क्षमता आणि बहुतेक यंत्रांवर चार्जिंगच्या सायकलींची (किती वेळा भरली-संपली त्याची) संख्याही दिसते. हे आकडे बॅटरीतलीच चिप सांगते, तेव्हा पूर्ण चार्ज करून एकदा प्रत्यक्ष वापरून संपवूनही बघा. काही थिंकपॅडचं बायॉस अनोळखी बॅटरी चार्जच करत नाही. तिथे स्वस्तातला पर्याय शोधत बसू नये. आणि टचपॅड वर उचलला गेलाय किंवा त्याचं क्लिक घट्ट झालंय, तर खालची बॅटरी फुगली आहे असं समजा. ती दाबून बसवू नका, चार्ज करू नका. गोंदातून सोडवताना धातूची पट्टी अजिबात वापरू नका.

चार्जरचं व्होल्टेज यंत्राइतकंच हवं, वॅट तितके किंवा जास्त. डेल आणि एचपीच्या गोल पिनेत मध्ये बारीक सुई असते, चार्जरची ओळख तिच्यातूनच पटते. ती वाकली किंवा तिची तार तुटली तर यंत्र चालतं, पण डेलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मंद होतो. मग लोक बॅटरी बदलतात. यूएसबी-सी असेल तर केबलही बघा: ६५ वॅट म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपिअर, आणि ३ अँपिअरच्या वर जायला ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते.

रॅमचं तसं सोपं आहे. डीडीआर३ च्या २०४ पिना, डीडीआर४ च्या २६०, डीडीआर५ च्या २६२. खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची बसतच नाही. घोळ फक्त डीडीआर३ आणि डीडीआर३एलमध्ये. दोन्हींची खाच एकाच ठिकाणी, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वर. काही यंत्रं फक्त १.३५ घेतात. एल असलेली दोन्हीकडे चालते, तेव्हा तीच घ्या.

पट्टीसारख्या एसएसडीवरचा (हल्लीच्या वेगवान डिस्कवरचा) २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. कित्येक यंत्रांत जागा २२४२ चीच असते. खाचेवर भरवसा ठेवू नका: एम नावाच्या खाचेचा स्लॉट फक्त साटा (जुनी, हळू पद्धत), फक्त एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) किंवा दोन्ही घेणारा असू शकतो, आणि ते पुस्तिकेतच कळतं. अडीच इंची डिस्क घालायची असेल तर तिची चौकट, छोटी केबल आणि स्क्रू जागेवर आहेत का ते आधी बघा. वापरलेल्या यंत्रांतून नेमकं हेच काढून घेतलेलं असतं.

बिजागरी तुटली असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा बिजागरी शाबूत असते. झाकणाच्या प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी नट, ज्यांच्या आट्यांत स्क्रू फिरतो, ते बुडख्यासकट उपटून आलेले असतात. कारण बिजागरी तेल सुकून घट्ट झालेली असते आणि झाकण उघडण्याचा सगळा जोर त्या नटांवर पडतो. नवी बिजागरी घेऊन उपयोग नाही. झाकण घ्यावं लागतं, आणि जुनी बिजागरी सैल करून मगच बसवायची. टचचं झाकण आणि साधं झाकण वेगळं असतं. प्लास्टिकचे दोन-तीन भाग लागणार असतील, तर त्याच मॉडेलचं बंद पडलेलं आख्खं यंत्र घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. हरवलेले स्क्रूही त्यातच मिळतात. स्क्रूची लांबी जपा: लांब स्क्रू आखूड जागी गेला तर कीबोर्डच्या खालून वर टोचतो.

कीबोर्ड मागवताना एंटरच्या बटणाचा आकार आणि मागच्या उजेडाची वेगळी पट्टी आहे की नाही ते बघा. काही यंत्रांत कीबोर्ड प्लास्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी पक्का केलेला असतो. तिथे हातटेकणीसकट घ्या.

पार्ट आला की जोडण्याआधी बॅटरी सोडवा. स्क्रीनच्या बाबतीत तर हे विसरूच नका: वीज चालू असताना कनेक्टर तिरका बसला, तर उजेडाच्या वाटेवरचा बोर्डवरचा फ्यूज उडतो आणि नवं पॅनलही काळंच दिसतं. पॅनलवरची संरक्षक फिल्म लगेच काढू नका. केबल लावून पॅनल कीबोर्डवर मऊ फडक्यावर टेकवा, मग बॅटरी जोडून सुरू करा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग पूर्ण स्क्रीनवर आणून ठिपके तपासा, उजेड कमी-जास्त करून बघा. सगळं ठीक दिसलं, की यंत्र बंद करून बॅटरी पुन्हा सोडवा आणि मगच चिकटपट्टीचा कागद सोला. पट्टी एकदा चिकटली, की पॅनल परत करता येत नाही.