आमची वाटचाल : दोन खुर्च्या आणि एक काशाची वाटी

2016 ला नाशिकच्या इंदिरानगरमध्ये घराच्याच पुढच्या खोलीत पाय दाबून द्यायचं दुकान सुरू केलं, दोन सेकंडहँड खुर्च्या, पडदा, आणि भिंतीवर तळपायाचा रंगीत चार्ट. त्याआधी मी पार्लरमध्ये पेडिक्युअर करायचे, मग मुंबईला जाऊन रिफ्लेक्सॉलॉजीचा, म्हणजे तळपायाची एकेक जागा शरीराच्या एकेका भागाची मानून ती दाबायची, त्याचा कोर्स केला. सासूबाई म्हणाल्या लोकांचे पाय दाबायचे पैसे कोण देणारे, आणि खरं सांगते, पहिले चार महिने त्यांचंच बरोबर ठरलं.

चार्ट बघून लोक हमखास विचारतात, हे आपल्या ऋषीमुनींचं का चायनीज? दोन्ही नाही ओ. फिट्झगेराल्ड म्हणून अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, त्यांनी अंगाचे उभे 10 पट्टे मानले आणि त्यावर 1917 ला पुस्तक आलं, पुढे 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो सगळा नकाशा तळपायावर बसवला. म्हणजे अंगठा डोक्याचा, आतली कमान पाठीच्या कण्याची, लिव्हर उजव्याच पायावर, असं. पाय चोळणं मात्र आपल्याकडे आधीपासूनच आहे, आयुर्वेदात पादाभ्यंग आहेच आणि आजीची काशाची वाटी कोणाच्या घरात नव्हती!

वाटीमुळेच धंदा चालला हेही सांगून टाकते. भांडीबाजारातून एक जड वाटी आणली, तूप लावून घासली की तळवे काळे होतात आणि माणूस एकदम खूश, "बघा किती उष्णता निघाली!" मीही हो हो म्हणायचे. एकदा दुपारी कोणी नव्हतं तर सहज फरशीवर तूप टाकून वाटी घासली, फरशी पण काळी. आता फरशीला कसली उष्णता. ते धातूचं काळं आहे, तांबं आणि कथलाचं, बाकी काही नाही. पण घासून घेताना बरं वाटतं ते मात्र खरंच वाटतं, त्यात खोटं काही नाही.

तेव्हा आमच्या पाटीवर लिहिलेलं होतं, शुगर थायरॉईड पीसीओडी गुडघेदुखी. सगळेच लिहायचे म्हणून मीही. मग एक काका नियमित यायचे, त्यांनी एक दिवस सहज सांगितलं की तुमच्याकडे यायला लागल्यापासून छान वाटतं म्हणून बीपीची गोळी सोडली. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांच्या मुलीला फोन केला तर तिने मला जे झापलं ते मी गप ऐकून घेतलं, कारण पाटी माझीच होती ना. काकांची गोळी परत सुरू झाली, आमच्याकडे ते परत आले नाहीत.

त्यानंतर वाचायला लागले. बाहेरच्या देशात झालेले अभ्यास एकत्र करून तपासले तर एकाही आजारावर ठोस पुरावा मिळालेला नाही, ऑस्ट्रेलियात तर 2019 पासून खासगी हेल्थ इन्शुरन्समधून हे काढूनच टाकलं. वाईट वाटलं, कोर्सला पैसे भरलेले. पण आराम मिळणं, ताण उतरणं, रात्री झोप बरी लागली असं लोक येऊन सांगतात, तेवढ्यावर दुकान चालू शकतं का? पाटी बदलली, आता नुसतं "थकलेल्या पायांसाठी". हे नुसतं पूरक आहे, म्हणजे डॉक्टरांच्या औषधाबरोबर, औषधाच्या ऐवजी नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, त्याला कंटाळा आला तरी. शुगर असून पाय बधिर असतील, जखम असेल, एकच पोटरी सुजून दुखत असेल तर पायाला हात लावत नाही, आधी डॉक्टर. पोटरीत रक्ताची गाठ असली आणि आम्ही ती चोळत बसलो तर काय होईल? यात काही गिऱ्हाईकं तुटली, "पलीकडचे तर करून देतात" म्हणून गेली.

मग लॉकडाऊन. पायाला हात लावायचाच धंदा, तो घरून कसा करणार, खुर्च्यांवर वाळवणं घातली त्या उन्हाळ्यात.

आता चार खुर्च्या आहेत आणि दोन मुली कामाला, 45 मिनिटांचे 500 घेतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभ्याने ड्युटी करणारे शनिवारी येतात, शाळेतल्या बाई येतात, सासूबाई पण रविवारी येऊन बसतात, फुकट. मंगळवारी बंद असतं. फक्त तिसऱ्या श्रावणी सोमवारनंतरच्या मंगळवारी नाही, त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी करून आलेल्यांची सकाळी सातपासून दारात रांग असते आणि त्या दिवशी चार्टबद्दल कोणी काही विचारत नाही.