ब्युरेट, निळं पाणी आणि हेराल्डचं हेड

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, एकोणीस वर्षं झाली. ब्युरेटचा, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीचा, आकडा डोळा पातळीत आणून, पाण्याच्या खोलगट भागाच्या तळाशी वाचायचा, हे दर जूनमध्ये नव्या मुलांना सांगते. यंदा मे महिन्यात तीच ब्युरेट सहकारनगरच्या आमच्या पार्किंगमध्ये, आमच्या जुन्या गाडीच्या उलट्या ठेवलेल्या सिलिंडर हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) उभी होती आणि समोर खुर्चीत बसून बाबा वहीत आकडे लिहीत होते.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड, १९६७ची, मद्रासला बनलेली, दोन दारांची. बाबांनी १९८३ साली सेकंडहँड घेतली. बाबा पिंपरीला टूलरूममध्ये होते, त्यामुळे घरात माप हा विषय जेवतानासुद्धा चालायचा. हेराल्ड ही काही स्पोर्ट्स कार नाही. पण १९६२ साली इंग्लंडमध्ये ट्रायम्फने हिचीच चासी (खालचा सांगाडा) आखूड करून स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली आणि इंजिनही याच घराण्यातलं घेतलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, तोच, ७६ मि.मी. आपल्या हेराल्डचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६३ मि.मी. म्हणून ९४८ सी.सी., स्पिटफायरचा ६९.३ म्हणून ११४७ सी.सी. आणि वर दोन एसयू कार्बोरेटर. म्हणजे आमच्या दारात स्पिटफायरची धाकटी बहीण चाळीस वर्षं उभी होती. तिला थोडं थोरलीसारखं धावायला लावायचं, हे बाबांच्या मनात फार आधीपासून होतं. त्यांना आता ७८वं लागलंय. मीच म्हटलं, यंदा सुट्टीत इंजिन उतरवूया.

हेराल्डवर काम करणं सुखाचं आहे. बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. मी दीड महिना त्याच चाकावर बसले.

उतरवण्याआधी बाबांनी एकच गोष्ट करायला लावली. पुढच्या पुलीला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं माप) लावला आणि ते स्वतः आत बसून क्लच दाबत राहिले. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, पुढेमागे किती सरकतो ते पाहायचं होतं. बावीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग)! म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. या इंजिनाचं खरं दुखणं हेच. क्रँकचा सगळा पुढचा रेटा मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्ध्या चकत्यांवर येतो. क्लच दाबला की मागची चकती झिजते, फार पातळ झाली की खोबणीतून सुटून खाली तेलाच्या सम्पमध्ये पडते आणि मग क्रँक थेट ब्लॉकलाच खातो. ताकद वाढवायची स्वप्नं बघणाऱ्या प्रत्येकाने हे माप आधी घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आमची चकती निघाली तेव्हा ब्लेडसारखी झाली होती. ब्लॉक वाचला होता. मागे पाच थाऊ जाड चकती घातली, तेलाच्या खाचा क्रँककडे तोंड करून, आणि फट सहावर आणली.

बोअरला ओरखडे होते. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये चाळीस थाऊ ओव्हरसाइझ बोअर झालं. बोअर ६४ मि.मी. धरला तर ९७८ सी.सी., एका सिलिंडरला २४४.५.

मग हेड. मूळ हेड आम्ही तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलं, सोलेक्स कार्बोरेटरसकट. ज्याला कुणाला पुढे ही गाडी जशी होती तशी हवी असेल त्याला ती करता आली पाहिजे. हेडचा तळ कापला की सिलिंडरच्या वरची जागा, म्हणजे चेंबर, लहान होतो आणि कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढतं. कापायला दुसरं हेड कोल्हापूरहून आणलं. व्हॉल्व्ह बसवले, प्लग लावला, चेंबरच्या कडेला ग्रीस, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच. ब्युरेटमध्ये पाणी, त्यात निळी शाई आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे पाणी कडेकोपऱ्यात नीट पसरतं आणि बुडबुडे अडकत नाहीत.

पहिला चेंबर ३३.२ सी.सी. दुसरा ३३.१. तिसरा ३४.२. चौथा ३३.३.

बाबा म्हणाले, "अगं, तिसरा परत घे." परत घेतला, तिसऱ्यांदाही घेतला. ३४.२च. माझ्या ब्युरेटवर माझा विश्वास होता, म्हणून मग आम्ही व्हॉल्व्हकडे पाहिलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये जवळजवळ दीड मि.मी. खाली धसला होता. आपल्याकडे २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. जुन्या बिडाच्या हेडमध्ये सीट वेगळी नसते, बिडातच कोरलेली असते आणि शिशाचा थर तिला झिजण्यापासून वाचवायचा. तो गेला आणि सीट हळूहळू घासत गेली. एक सी.सी. जास्त पाण्याने हे मला सांगितलं, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. मग चारही एक्झॉस्टला कडक पोलादी सीट बसवून घेतल्या, व्हॉल्व्ह मी घरी घासले आणि चारही चेंबर ३३.२च्या आसपास आले.

गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या वरची जागा मिळून ३.८. एकूण ३७. म्हणजे कॉम्प्रेशन ७.६. आम्हाला ८.५ हवं होतं, त्यासाठी वरची जागा ३२.६ व्हायला हवी, म्हणजे ४.४ सी.सी. कमी. किती कापायचं? त्याचं उत्तरही ब्युरेटनेच दिलं. हेड स्पिरिट लेव्हलने अगदी सपाट केलं, काच काढली आणि चेंबरमध्ये मोजून २८.८ सी.सी. पाणी सोडलं. हेडच्या तळापासून पाण्यापर्यंतची खोली म्हणजेच कापायची जाडी. १.६ मि.मी. आलं. बाबांनी वहीत १.६ खोडून १.५ लिहिलं. हेड फेसिंग मारून आलं, पुन्हा मोजलं: ८.४५.

हेड दीड मि.मी. खाली आलं की पुशरॉड (खालून रॉकर ढकलणारे दांडे) तेवढे लांब पडतात आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरची चाल वाकडी होते. आम्ही रॉकरच्या पायांखाली दीड मि.मी.च्या पट्ट्या दिल्या. इथे मी चुकले. मागच्या पायातून रॉकरला तेल चढतं, आणि मी पाडलेलं भोक थोडं सरकलं होतं. बाबांनी हट्टाने झाकण उघडं ठेवून, प्लग काढून स्टार्टर फिरवायला लावला, म्हणून कळलं. खाली तेलाचं प्रेशर भरपूर, वर एक थेंब नाही. पट्टी काढून भोक जुळवलं. दुसऱ्या वेळी आधी मागचा रॉकर ओला झाला, मग सावकाश पुढचे. टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, नवाच्या नियमाने (दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ) लावले: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठवा, तिसरा उघडा असताना सहावा. प्रत्येकी दहा थाऊ.

जोडकार्बोरेटर सव्वा इंचाचे एसयू, स्पिटफायरला असायचे तेच. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं, म्हणून जेटचे नट खाली उतरवले. जुने रबरी पाइप सगळे बदलले. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढताहेत का, ते रबराच्या नळीचं एक टोक कानाशी धरून ऐकायचं. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, पण तो सूं आवाज त्यांनी माझ्याआधी पकडला.

सुरुवातीचे पाचशे किलोमीटर मी चालवली, सिंहगड रोडने डोणजेपर्यंत, पहाटे, कुठेही पाय न दाबता. मग तेल बदललं आणि कात्रजचा जुना घाट. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारी गाडी तिसऱ्यात चढली. बाबा वरच्या बोगद्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, नुसते डॅशबोर्डवर हात ठेवून बसले होते.

घरी आल्यावर इंजिन गार होऊ दिलं, पुलीला डायल लावला. बाबांनी क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. सहा थाऊ. वहीत तारीख घालून लिहिलंय.