आप्पांची खतावणी आणि जपानचं कर्ज

यंदा दिवाळीला कोल्हापूरला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आप्पांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुझ्या जपानवर एवढं कर्ज हाय म्हणं. मग बुडत का न्हाई गं?"

आप्पांनी चाळीस वर्षं शाहूपुरीत गुळाची अडत केली. हंगामाआधी शेतकऱ्याला उचल द्यायची, गुळाचे रवे सौद्याला लागले की विक्रीच्या पट्टीतनं ती वळती करून घ्यायची. थकलेल्या उधारीनं दुकान कसं बसतं, हे त्यांनी शेजारीपाजारी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या खतावणीत जपान बसत नाही. माझ्याही बसत नव्हता. मी २०१७ पासून टोकियोत राहते. पोचले तेव्हा सरकारचं कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त होतं आणि बँक ऑफ जपानचा, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचा, व्याजदर शून्याच्याही खाली. सरकारनं फार उसनं घेतलं की व्याज चढतं, असं मी कॉलेजात शिकले होते.

आप्पांना मी सांगितलं ते असं. अडत्या दुसऱ्यानं काढलेल्या नोटा वापरतो, सरकार त्या काढतं. जपानचं कर्ज येनमध्ये आहे. त्यातले निम्म्याच्या आसपास रोखे खुद्द बँक ऑफ जपानकडे आणि उरलेले बहुतेक तिथल्याच बँका, विमा कंपन्या, पेन्शन फंडांकडे. म्हणजे सरकारच्या वहीत जे देणं दिसतं, तीच तिथल्या माणसाच्या वहीत ठेव असते. आबा लर्नर या अर्थशास्त्रज्ञानं १९४३ साली हे सरळ मांडलं होतं: सरकारी जमाखर्च जुळला का हे बघू नका; लोकांना काम मिळालं का, भाव ताब्यात राहिले का, ते बघा. अलीकडे वॉरन मोस्लर आणि स्टेफनी केल्टन या अमेरिकी मंडळींनी तोच धागा ‘आधुनिक चलन सिद्धांत’ या नावानं पुढे नेला. मला हे पटतं. १९९७ साली तूट कमी करायची म्हणून जपाननं उपभोग कर, म्हणजे खरेदीवरचा कर, ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर नेला आणि पुढच्याच वर्षी अर्थव्यवस्था आकसली. आशियातलं चलनसंकट आणि बुडालेल्या बँकाही त्याला कारण होत्या, पण लोकांच्या हातातला पैसा नको त्या वेळी काढून घेतला गेला हे खरंच.

"मग छापतच सुटायचं की!" आप्पा म्हणाले.

नाही. इथं मी त्यांना त्यांच्याच ओळखीचं उदाहरण दिलं. ऊसतोडीच्या टोळ्या कमी आल्या की काय होतं? कारखाने मुकादमांना उचल वाढवून देतात, शेतकरी वरनं खुशाली देतो, तरी कोयते तेवढेच राहतात. तोडणी वाढत नाही, तोडणीचा भाव वाढतो. सरकारच्या खर्चाचंही तसंच आहे. हात, यंत्रं, माल रिकामा पडून असेल तर खर्चानं काम उभं राहतं. नसेल तर महागाई येते. मर्यादा तिजोरीची नाही, मर्यादा ह्याची आहे.

ताकाहाशी कोरेकियो या जपानी अर्थमंत्र्यानं हे लर्नरच्या आधीच करून दाखवलं होतं. डिसेंबर १९३१ मध्ये त्यानं येनची सोन्याशी बांधलेली किंमत सोडवली, मग सरकारी रोखे थेट बँक ऑफ जपानला घ्यायला लावले आणि महामंदीतून जपान इतरांच्या आधी बाहेर आला. कारखाने भरभरून चालू लागल्यावर त्यानं खर्चाला, मुख्यतः लष्कराच्या खर्चाला, लगाम घालायला सुरुवात केली. २६ फेब्रुवारी १९३६ ला बंडखोर सैनिकांनी त्याला घरात घुसून मारलं. ते घर आता टोकियोजवळ कोगानेईच्या खुल्या वास्तुसंग्रहालयात हलवून ठेवलंय. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत मी बराच वेळ उभी होते. पुढे लष्करी खर्चाला आवर घालणारं कुणी उरलं नाही आणि युद्धानंतर महागाईनं लोकांची बचत खाऊन टाकली. खर्च करायची हिंमत ज्याच्यात होती, थांबवायचा अधिकारही त्याच्याच हातात राहायला हवा होता.

आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पर डिझेल कुठल्या पैशानं आनायचं?"

ह्या एका प्रश्नावर आमचे दोन दिवस गेले. कारण तो बरोबर आहे. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं बहुतेक तेल बाहेरून येतं आणि ते मुख्यतः डॉलरमध्ये. रुपया आपण काढतो, डॉलर अमेरिका. जपानची गोष्ट वेगळी, कारण तीन दशकांहून जास्त काळ तो जगातला सर्वांत मोठा धनको देश होता. त्यालाही सुटका नाहीच. डॉलर स्वस्त करायचं मोठ्या देशांनी ठरवलेल्या १९८५ च्या प्लाझा करारानंतर, वॉशिंग्टनला हवं होतं तसं, डॉलर अडीच वर्षांच्या आत २४० येनवरून निम्म्यावर आला. २०२४ मध्ये तोच १६० येनच्या वर गेला आणि आमच्या घरचं वीजबिल, तेल, पीठ सगळं चढलं. त्यात २०२३ च्या उन्हाळ्यानं भाताचं पीक बिघडवलं, वर्षानुवर्षं भाताखालचं क्षेत्रही कमी करत आणलेलं. २०२५ च्या वसंतात ५ किलो तांदूळ ४००० येनच्या पुढे, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. सरकारला राखीव साठा काढावा लागला. तांदूळ काही बँक ऑफ जपानला काढता येत नाही.

१९९१ आप्पांना तारीखवार आठवतं. तीन आठवड्यांच्या आयातीलाही पुरतील एवढे डॉलर नव्हते, म्हणून रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं लंडनला पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलर उचलले. टोकियोत निहोनबाशीतल्या बँक ऑफ जपानच्या जुन्या दगडी इमारतीसमोरून मी कामाला जाते. गुजरीतले, म्हणजे कोल्हापूरच्या सोन्याच्या पेठेतले, लोक तेव्हा कसे गप्प झाले होते, हे आप्पांनी सांगितलेलं तिथनं जाताना हमखास आठवतं.

म्हणून मला वाटतं, हा नवा विचार आपल्यासाठी निम्माच खरा आहे. पंचगंगेचा पूर अडवायची कामं, गावचे दवाखाने, शाळा, ज्याला इथलीच माणसं आणि इथलंच सिमेंट लागतं, तिथं "पैसे नाहीत" हे कारण मी आता ऐकून घेत नाही. ज्याला तेल आणि बाहेरची यंत्रं लागतात, तिथं आप्पांची खतावणीच खरी.

निघायच्या आदल्या रात्री त्यांना रशियाचं सांगितलं. २०२२ मध्ये त्याची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली.

"म्हंजे पैसं त्येंचंच, पर वही दुसऱ्याची," आप्पा म्हणाले. मग उठून त्यांनी कपाटातनं एक कात्रण काढलं: २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं इंग्लंडमधून १०० टन सोनं परत आणलं त्याची बातमी. कडेला पेननं १९९१ लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.